समतोलाचा उपदेश आणि येळवशीचा धडा

मार्गशीर्ष अमावस्या चार दिवसांवर आली असताना चाकूरला एका उद्योजकता प्रशिक्षण वर्गाच्या समारोपाचे अध्यक्षपद माझ्याकडे आले. निवृत्त प्राध्यापकाला अशा खुर्च्या मिळतात आणि त्या नाकारण्याचा कणखरपणा त्याच्या अंगी राहिलेला नसतो. समोर चाळीसेक स्त्रिया बसल्या होत्या. कोणी शेवया-कुरडया व शेंगदाण्याची चटणी करणाऱ्या, कोणी शिवणकाम करणाऱ्या, कोणी घराच्या ओट्यावर किराणा मांडलेल्या. प्रमुख वक्ते शहरातून आले होते. त्यांचा विषय होता : छोट्या व्यवसायाचे मार्केटिंग आणि व्यक्तिगत जीवन यांचा समतोल.

वक्त्यांची तळमळ खोटी नव्हती. त्यांचे अर्थशास्त्र खोटे होते. पहाटे पाचला उठा, दिवसाचा आराखडा वहीत लिहा, आपल्या मालाचे छायाचित्र रोज मोबाइलवर टाका, गिऱ्हाइकाच्या विचारणेला पाच मिनिटांत उत्तर द्या, सणावारी अधिक जोमाने विक्री करा आणि हे सारे करून दिवसातला एक तास 'फक्त स्वतःसाठी' राखून ठेवा, असा त्यांचा उपदेश होता. हा तास चोवीस तासांच्या कोणत्या कोपऱ्यातून काढावयाचा, हे मात्र त्यांनी सांगितले नाही. ज्यांना समतोल जमत नाही त्यांच्यात शिस्त नाही, असा त्यांच्या सांगण्याचा मथितार्थ होता, आणि समोरच्या स्त्रिया तो अपराध्यासारख्या मान खाली घालून ऐकत होत्या.

शेवटी शंका विचारण्याची वेळ आली, तेव्हा मागच्या रांगेतली एक बाई उठली. "सर, येळवशीला फोन बंद ठेवला तर चालंल का?" असे तिने विचारले. वक्ते हसून म्हणाले, "एक दिवस चालेल, पण गिऱ्हाईक दुसरीकडे जाणार नाही याची काळजी घ्या." त्यावर ती म्हणाली, "एकटीनं बंद ठेवला की गिऱ्हाईक शेजारी जातंय. सगळ्यायनी बंद ठेवला तर ते कुठं जाईल?"

सभागृहात हशा पिकला आणि आभारप्रदर्शन सुरू झाले. पण त्या वर्गात त्या दिवशी अर्थशास्त्र एवढे एकच बोलले गेले. अध्यक्षीय समारोपात मी ते वाक्य उचलून धरावयास हवे होते. मी मात्र वेळ झाली म्हणून दोन औपचारिक वाक्ये बोलून खाली बसलो. त्या चुकीची भरपाई म्हणून हा लेख लिहीत आहे.

लातूर-धाराशिवबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगितले पाहिजे. वेळ अमावस्या, आमच्या बोलीत येळवस, हा या भागाचा स्वतःचा सण. त्या दिवशी गाव शेतात जाते. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा होते. भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील आणि खीर यांचे जेवण होते. ज्याला शेत नाही त्याला शेतवाला आग्रहाने बोलावून नेतो. गावे आणि बाजारपेठा ओस पडतात. लातूरसारख्या शहरातही संचारबंदी लागल्यासारखे रस्ते दिसतात. किराणावाला, कापडवाला, सोनार, न्हावी, सगळे आपापली दुकाने लावून रानात जातात. त्या दिवशी विक्री बुडाली म्हणून कोणाचे दिवाळे निघाल्याचे मी साठ-पासष्ट वर्षांत ऐकलेले नाही. कारण साधे आहे. गिऱ्हाईकही रानातच असते आणि त्याला लागणारे मीठ-तेल त्याने आदल्या दिवशी नेलेले असते. दुकान बंद राहिले म्हणून मागणी मरत नाही. ती फक्त एक दिवस अलीकडे किंवा पलीकडे सरकते.

आता उरलेल्या ३६४ दिवसांचा विचार करा. चाकूरसारख्या तालुक्याच्या गावी गिऱ्हाइकाच्या खिशात किती पैसा येणार, हे दुकानदाराच्या जाहिरातीवर ठरत नाही. ते सोयाबीन, तूर आणि उसाच्या भावावर ठरते. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाला, पण दसरा-दिवाळीच्या तोंडावर बाजारात भाव त्याच्या बरेच खाली होते. त्याआधी सप्टेंबरच्या अतिवृष्टीने मराठवाड्याचा खरीप झोडपून काढला होता. ज्या घरातले पीक पाण्यात गेले त्या घरातली बाई नवे लुगडे घेणार नाही, मग दुकानदाराने मोबाइलवर दिवसातून चार छायाचित्रे टाको की चाळीस. गावातली एकूण खरेदी जवळजवळ ठरलेली असते. ती कोणत्या दुकानातून व्हावी, एवढाच विक्रेत्यांमधला झगडा असतो.

अशा स्थितीत एक दुकानदार रात्री नऊऐवजी दहापर्यंत दिवा लावतो. त्याला चार गिऱ्हाइके अधिक मिळतात, ती शेजाऱ्याची असतात. म्हणून शेजारीही दहापर्यंत बसतो. महिन्याभरात सगळी पेठ दहापर्यंत जागी राहते आणि विक्री पूर्वीइतकीच होते. जत्रेतल्या तमाशात पुढचा माणूस उभा राहिला की मागच्या साऱ्यांना उभे राहावे लागते. दिसते पूर्वी बसून दिसत होते तेवढेच. पाय मात्र सगळ्यांचे दुखतात. आता या प्रेक्षकांपैकी प्रत्येकाला बाजूला घेऊन 'पायांची निगा कशी राखावी' यावर व्याख्यान देणे, हे आजच्या समतोलशास्त्राचे स्वरूप आहे. सगळ्यांनी मिळून खाली बसावे, हे सांगण्याची त्या शास्त्राची तयारी नाही.

रशियन अर्थतज्ज्ञ चायानोव याने १९२० च्या दशकात शेतकरी कुटुंबाच्या अर्थव्यवहाराची जी मीमांसा केली, ती आमच्या ओट्यावरच्या दुकानाला तंतोतंत लागू पडते. भांडवलदार मजुरीचा खर्च वजा करून नफा मोजतो आणि नफा उरला नाही तर धंदा बंद करतो. कुटुंबाचा धंदा तसा चालत नाही. तिथे घरच्यांच्या श्रमाला किंमतच धरलेली नसते. म्हणून पोट भरेनासे झाले की कुटुंब धंदा बंद करीत नाही, आणखी राबते. चायानोवने याला स्वतःचे शोषण म्हटले आहे. चटणी करणारी बाई महिनाअखेर जो 'नफा' मोजते त्यातून तिचे तास, मुलीने शाळेतून आल्यावर भरलेल्या पुड्या, नवऱ्याने एसटी स्थानकापर्यंत पोचवलेले गाठोडे, या साऱ्यांची मजुरी वजा केली, तर बहुतेक वेळा हाती उरते ती शेतमजुरीइतकीच किंवा तिच्याहून कमी रक्कम. तिला 'उद्योजिका' म्हणण्याने तिची मजुरी वाढत नाही. फक्त मजुरी कमी असल्याची तक्रार करावयाची तरी कोणाकडे, हा पत्ता नाहीसा होतो.

आणि असे लोक थोडे नाहीत. केंद्र सरकारच्या श्रमशक्ती सर्वेक्षणाप्रमाणे देशातील काम करणाऱ्यांपैकी स्वयंरोजगारी लोकांचे प्रमाण २०१७-१८ मध्ये ५२.२ टक्के होते. २०२३-२४ मध्ये ते ५८.४ टक्के झाले. यात शेतकरी आले, तसे टपरीवाले आणि घरगुती उद्योग करणारेही आले. पगाराची नोकरी देता येत नाही, तेव्हा राज्यकर्ते स्वयंरोजगाराचा गौरव करू लागतात. पूर्वी व्यापाऱ्याचा दलाल, दुकानातला नोकर, पाटी रंगवणारा रंगारी, माल पोचवणारा हमाल अशी निरनिराळी माणसे जी कामे करीत, ती सगळी आता एका बाईच्या हातातल्या मोबाइलवर आणून ठेवली आहेत. तव्यावरची भाकरी उलटताना तिला गिऱ्हाइकाशी भाव ठरवावा लागतो, सासूची रक्तदाबाची गोळी देताना कालचा माल खारट निघाल्याची तक्रार ऐकावी लागते. हा समतोल बिघडला, तर तो तिचा स्वभावदोष म्हणावयाचा काय?

घराच्या चार भिंतींआड काय चालते, याचाही हिशेब आता सरकारनेच मांडला आहे. २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणाप्रमाणे बिनमोबदल्याचे घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात आणि ते काम करणारे पुरुष ८८ मिनिटे. म्हणजे बाईचा धंदा सुरू होण्याआधीच तिच्या दिवसातले पावणेपाच तास गेलेले असतात. मुलांचे व आजाऱ्यांचे करणे याहून वेगळे. व्यवसाय आणि कुटुंब यांच्या समतोलावर पुरुषांसाठी प्रशिक्षण वर्ग भरल्याचे आमच्या तालुक्यात मी पाहिलेले नाही. त्यांचा समतोल दुसरे कोणीतरी सांभाळते.

हे लिहिताना मला स्वतःला बाजूला ठेवता येणार नाही. आमच्या घरी पंचवीस वर्षे शिवणयंत्र चालले. माझा पगार वेळेवर होत नसे त्या काळात त्या यंत्राने घर चालवले. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात पत्नी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत पोलकी शिवत बसे. शेजारच्या टेबलावर मी आठ तासांच्या कामाच्या दिवसाच्या इतिहासावर टिपणे काढीत असे आणि मध्येच चहा मागत असे. तो चहा कोणाच्या कोणत्या तासात मोजावयाचा, हा प्रश्न मला तेव्हा सुचला नाही. आपल्या चळवळीतील किती कार्यकर्त्यांच्या घरी असेच एखादे यंत्र, एखादी पिठाची गिरणी, एखादी शिकवणी चालू होती आणि तिच्या जोरावर आपण दौरे काढले, याचा हिशेब आपण केलेला नाही. तो केला पाहिजे.

समतोल ही व्यक्तीच्या शिस्तीची देणगी असती, तर गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी त्याच्या शिस्तीने मिळाली असती. तशी ती मिळाली नाही. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांनिशी मागण्या मांडल्या. आठवड्याची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, अशा त्या मागण्या होत्या. १८९० च्या एप्रिलमध्ये दहा हजार कामगारांची सभा झाली आणि तीत दोन स्त्री-कामगारही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. एकेका कामगाराने मुकादमापाशी जाऊन 'मला कुटुंबासाठी वेळ हवा' म्हटले असते, तर त्याच्या हाती हिशेबाचे पैसे ठेवून त्याला घालवून दिले असते.

दुकानांच्या बाबतीतही हेच घडले. दुकाने व आस्थापनांविषयीचा देशातील पहिला कायदा १९३९ साली मुंबई प्रांतात झाला. पुढे १९४८ च्या अधिनियमाने, तो ज्या ज्या गावांना लागू झाला तिथे, दुकान उघडण्याच्या व लावण्याच्या वेळा आणि आठवड्यातला एक बंद दिवस ठरवून दिला. या तरतुदीचे मर्म असे की, ती नोकराइतकीच मालकालाही विश्रांती देणारी होती. शेजाऱ्याचे दुकान उघडे राहणार नाही, ही हमी कायदा देत होता, म्हणून दुकानदार निर्धास्तपणे घरी जेवू शकत होता. पुण्याच्या दुकानदाराच्या दुपारच्या १ ते ४ च्या झोपेची साऱ्या महाराष्ट्राने यथेच्छ थट्टा केली आहे. पण ती झोप एकट्यादुकट्याची नव्हती, पेठेची होती, आणि म्हणूनच ती इतकी वर्षे टिकली.

२०१७ साली नवा अधिनियम आला आणि १९ डिसेंबर २०१७ पासून लागू झाला. दुकाने वर्षाचे ३६५ दिवस उघडी ठेवण्याची मुभा त्याने दिली. कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी यांच्या तरतुदी दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरत्या ठेवल्या आणि त्याहून लहान दुकानांनी फक्त धंद्याची सूचना द्यावी, एवढे बंधन ठेवले. परवान्यांचा जाच कमी झाला, इन्स्पेक्टरची वर्दळ थांबली, हे खरे आणि त्यात दुःख मानण्याचे कारण नाही. परंतु त्या जाचाबरोबर लहान दुकानदाराची आणि त्याच्याकडच्या एकुलत्या एक पोऱ्याची कायदेशीर सुट्टीही गेली, हे कोणी बोलले नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दैनंदिन कामाची मर्यादा नऊवरून दहा तासांवर नेण्याच्या आणि ही मर्यादा वीस किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू करण्याच्या प्रस्तावाला मंजुरी दिली. वाटचाल कोणत्या दिशेने आहे, हे सांगण्यास अर्थशास्त्राच्या पदवीची गरज नाही.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जाईल. लातूर पस्तीस-चाळीस किलोमीटरवर आहे, चौपदरी रस्ता झाला आहे, तिथले मोठे दुकान आणि मोबाइलवरचा बाजार रात्रंदिवस उघडा आहे; अशा वेळी चाकूरच्या पेठेने सुट्टी घेणे म्हणजे आत्मघात नव्हे काय? हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. पण त्याचे उत्तर जागरणात नाही. ज्या कंपनीची गोदामे तीन पाळ्यांत चालतात तिच्याशी एक कुटुंब जागून स्पर्धा करू शकणार नाही. ते प्रथम आजारी पडेल आणि मग हरेल. लहान दुकानदाराचे बळ त्याच्या ओळखीत आहे, उधारीच्या वहीत आहे, सोयाबीन विकले जाईपर्यंत थांबण्याच्या तयारीत आहे. हे बळ रात्री दहा ते अकराच्या दरम्यान वाढत नाही. आणि मोबाइलवरच्या बाजाराला कामाच्या तासांचे बंधन नको काय? ते घालणे हे सरकारचे काम आहे. ते काम होत नाही म्हणून शेवया वळणाऱ्या बाईने झोप सोडावी, हा कोणता न्याय?

आणखी एक गोष्ट या आक्षेपाच्या पोटात आहे. गावाबाहेरचा पैसा गावात आणावयाचा असेल तर विक्री केलीच पाहिजे, यात शंका नाही. चाकूरची चटणी पुण्या-मुंबईला गेली पाहिजे. मात्र तिथे एकसारखी चव लागते, खाद्यपदार्थाची नोंदणी लागते, वेष्टन, वाहतूक आणि वसुली लागते. ही कामे एका घराच्या आवाक्यातली नाहीत. ती मुळातच सामुदायिक आहेत.

महाराष्ट्रातल्या स्त्रियांनी हे कृतीने सिद्ध केले आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटावयास सुरुवात केली. त्यातून लिज्जत पापडाचे श्री महिला गृह उद्योग उभे राहिले आणि आज त्याच्या सभासद भगिनींची संख्या पंचेचाळीस हजारांच्या घरात आहे. तिथली सभासद पीठ घेऊन घरी जाते, पापड लाटते, दुसऱ्या दिवशी ते देऊन मजुरी घेते. माल तपासणे, जाहिरात, विक्री आणि वसुली संस्था करते. पापड लाटणारीला रात्री अकराला कोणा गिऱ्हाइकाचा निरोप येत नाही. गिरणगावात कामगारांना जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले आणि सावकाराच्या व्याजातून सोडवून राष्ट्रीयीकृत बँकेच्या कर्जापर्यंत नेले. त्या बायकांना वेळेचे नियोजन शिकवावे लागले नाही. भल्या पहाटे चूल पेटवणारीला ते शिकवावे, हीच मुळात धिटाई होय.

सहकाराचे पुढे काय झाले, असे कोणी उपरोधाने विचारील. साखर आणि बँका यांच्या सहकाराची काही ठिकाणी जी दशा झाली ती आपण पाहिली आहे आणि तिच्याविरुद्ध लिहिलेही आहे. जिथे सभासद हा केवळ मताचा धनी उरला तिथे संस्था पुढाऱ्याच्या घरी गेली. लिज्जतमध्ये काम करणारीच सभासद आणि सभासदच मालक, हे सूत्र राखले गेले. आजच्या बचत गटांनी नेमके हे सूत्र उचलले पाहिजे. कर्ज एकत्र घ्यावयाचे आणि विकावयाचे मात्र एकेकटीने, ही आजची पद्धत म्हणजे अर्धा सहकार आहे, आणि त्याचे ओझे पुरे आहे.

तेव्हा आपल्या कार्यकर्त्यांनी करावयाचे काय? पहिले, प्रत्येक तालुक्याच्या गावी व्यापारी, फेरीवाले, बचत गट आणि नगरपंचायत यांना एकत्र बसवून पेठेचा एक बंद दिवस आणि रात्रीची एक वेळ ठरवावी. औषधांची दुकाने वगळावीत. मजुराला ज्या दिवशी मजुरी मिळते आणि ज्या दिवशी गावचा आठवडी बाजार असतो, ते दिवस टाळावेत, नाहीतर आपली सुट्टी गरिबाची गैरसोय होईल. आठवडी बाजार हीच मुळात वेळेची जुनी व्यवस्था होती : सर्वांनी एका दिवशी विकावे आणि उरलेले दिवस आपल्या कामाला लागावे. दुसरे, एका प्रकारचा माल करणाऱ्या गटांनी एक नाव, एक वजनकाटा आणि एकच दूरध्वनी क्रमांक ठेवावा. उत्तरे देण्याचे काम पाळीपाळीने करावे आणि त्या तासांची मजुरी मालाच्या किमतीत धरावी. तिसरे, दहाहून कमी माणसांच्या दुकानातील नोकराला साप्ताहिक सुट्टी आणि स्वतःचा धंदा करणाऱ्या स्त्रीला बाळंतपणाची सवेतन रजा, या मागण्या आपल्या पक्षाने विधिमंडळात मांडाव्यात. मोठ्या आस्थापनांतील स्त्रियांना २०१७ पासून २६ आठवड्यांची रजा मिळते. ओट्यावरच्या दुकानातली बाई तिसऱ्या आठवड्यात तराजू धरते. माथाडी कामगाराला ठरलेला मालक नसतानाही १९६९ च्या कायद्याने मंडळे उभारून भविष्यनिर्वाह निधी मिळवून देता आला. मग हिच्यासाठी मंडळ का होऊ नये? चौथे, पाळणाघरे. आणि पाचवे, ज्यासाठी कोणत्याही सरकारची वाट पाहावी लागत नाही ते : आपापल्या घरातली ८८ मिनिटे वाढवावीत.

त्या बाईला मी सभेत उत्तर दिले नाही. येळवशीच्या दिवशी एका विद्यार्थ्याच्या शेतात आम्ही जेवावयास गेलो, तेव्हा शेजारच्या कोपीत ती मला दिसली. फोन कुठे आहे म्हणून विचारले, तर म्हणाली, "घरी ठेवून आले सर. आज कोणीच मागत नाही." चाकूरच्या पेठेतली सगळी दुकाने त्या वेळी बंद होती. हे वर्षातून एकदा पूर्वजांनी लावून दिलेल्या चालीमुळे घडते. आठवड्यातून एकदा ते आपल्या संघटनेमुळे घडावे, एवढे काम पुढच्या येळवशीच्या आत आपल्या तालुका शाखांनी हाती घ्यावे.